'चा-ची-चे'चा घोटाळा

गॅदरिंगला होस्टेलच्या पोरांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. बाहेरचा फळा इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत लिहिलं, 'पेंटिंग्ज ऑफ होस्टेल स्टुडंट्स'. एक मॅडम आत फिरून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आत तर सगळे डोंगर आणि बैल. विद्यार्थी कुठं आहेत?"

चित्रात जे दिसतं त्याच्यासाठी 'ऑफ', चित्र ज्यानं काढलं त्याच्यासाठी 'बाय'. हे मला त्या दिवशी कळलं!

मी मंगरूळपीरचा. आमच्यापैकी कुणाचं इंग्रजी चुकलं की 'मराठी मिडियमचा आहे' म्हणून विषय संपवतात. मला हे पटत नाही. 'रविवर्म्याचं चित्र' म्हणजे त्यानं काढलेलं, त्याचं स्वतःचं की त्याच्या मालकीचं? मराठीत तिन्ही चालतं, संदर्भानं आपण समजून घेतो. इंग्रजीत लिहिताना आधी ठरवावं लागतं, एवढंच.

बाकी बऱ्याच ठिकाणी मराठीच मदतीला येते. अजिंठ्याचंच घ्या. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी चित्रात आहे, म्हणून 'इन द पेंटिंग'. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ साली स्वतःचं नाव चित्रावर कोरलं, म्हणून ते 'ऑन द पेंटिंग'. 'त' आणि 'वर' यातला फरक आपल्या आजीलाही कळतो. (साहेबाचं इन-ऑन पक्कं असणार, पण कुठं लिहू नये हे काही त्याला कळलं नाही.)

काही मात्र सरळ पाठच करावं लागतं. 'गुड ॲट ड्रॉइंग', पण 'इंटरेस्ट इन ड्रॉइंग'. जलरंगात काढलं तर 'इन वॉटरकलर', कॅनव्हासवर तैलरंग असेल तर 'ऑइल ऑन कॅनव्हास'. ड्रॉइंग शीटच्या बाबतीत 'ड्रॉन टू स्केल' म्हणतात, तिथं 'टू' कशाला हे आपण कधी विचारलं का? पाठ झालं, संपलं.

माझा रूममेट सुरेख स्केचेस काढतो. चित्राखाली दोन ओळी इंग्रजीत लिहायच्या होत्या, म्हणून त्यानं यंदा स्पर्धेत नावच दिलं नाही. एका 'ऑफ'वरून आपण मेसमध्ये किती दिवस हसतो ते त्यानं पाहिलंय. सिनियर्सहो, हसा, पण नंतर पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा की! त्या मॅडमनी तेच केलं. त्यांनी माझा 'ऑफ' पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. 'बाय' मीच लिहिलं.