रोप फुकट, शिंपणं नाही

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, नागावच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत चार खोल्यांचं होमस्टे आहे. "अरे, आपली वेबसाईट उघडली की रमीचा जुगार येतोय. दादरच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, तुमच्याकडे नक्की चालतं तरी काय?"

ती वेबसाईट मी बनवली होती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा काकांची निम्मी सुपारी आडवी झाली. नवीन रोप लावून ते धरेपर्यंत पाच-सात वर्षं जातात. तोवर घर चालवायचं तर खोल्या भाड्याने द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. बारा हजारांत साईट करून दिली. फोटो, नकाशा, मोदकांचा उल्लेख आणि तारखा निवडून आगाऊ पैसे भरता येतील असं झकास बुकिंग.

ते बुकिंगचं प्लगइन विकतचं होतं. वर्षाला साधारण सात हजार. मी ते घेतलं नाही. कॉलेजातल्या मित्राच्या ड्राइव्हवर 'प्रीमियम' नावाचा फोल्डर होता. त्यात ऐंशी-नव्वद प्लगइन होती, सगळ्यांची लायसन्स-की तपासणारा भाग काढून टाकलेला. आमच्या धंद्यात याला 'नल्ड' म्हणतात. एक उचललं, टाकलं, चाललं. काकांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्यांना कुठून माहीत असणार?

फोन आल्यावर दोन रात्री बसून साफसफाई केली. कारण सापडलं ते अगदी साधं होतं. प्लगइनला साडेतीन वर्षं एकही अपडेट मिळालं नव्हतं. त्याच्यातली एक फट मधल्या काळात सगळ्या जगाला माहीत झाली होती. पैसे भरणाऱ्यांकडे ती केव्हाच बुजवली गेली. आमच्याकडे उघडीच राहिली. सुट्टीचा आठवडा मात्र गेला.

हे मी मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, तर पहिलं उत्तर आलं, "त्यात तुझी काय चूक? ते जीपीएल आहे. कॉपी करणं कायदेशीर आहे." दुसरं उत्तर, "ओपन सोर्सवर पैसे मागतात तेच चोर."

हा लेख त्या दोन उत्तरांच्या विरोधात आहे. काल-परवापर्यंत ती माझीही उत्तरं होती, म्हणून जरा जास्तच विरोधात आहे.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू. वर्डप्रेस 2003 मध्ये सुरू झालं, तेच मुळी 'बी-टू' नावाच्या दुसऱ्या कोणाच्या तरी सॉफ्टवेअरची नक्कल घेऊन. ते जुनं सॉफ्टवेअर जीपीएल लायसन्सखाली होतं, म्हणून वर्डप्रेसही जीपीएलखाली आलं. या लायसन्सची अट अशी की तुम्ही हे वापरा, बदला, वाटा, विका, पण पुढच्या माणसाला तीच मोकळीक द्या. प्लगइन वर्डप्रेसच्या पोटात शिरून, त्याचीच फंक्शनं वापरून चालतं. त्यामुळे प्लगइनचा पीएचपी कोडही जीपीएलच असला पाहिजे, अशी वर्डप्रेसवाल्यांची भूमिका आहे. थीमच्या बाबतीत 2009 मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने असंच मत दिलं. 2010 मध्ये 'थीसिस' या गाजलेल्या विकतच्या थीमचा कर्ता क्रिस पिअर्सन जाहीर भांडणानंतर नमला आणि त्याने आपला पीएचपी कोड जीपीएलखाली आणला. तेव्हा पूर्ण जीपीएल असलेलं प्लगइन एकाने विकत घेऊन दहा जणांना दिलं, तर ती चोरी नाही. इथपर्यंत माझे मित्र बरोबर आहेत.

पण लायसन्स इथे संपत नाही. आपण ते इथपर्यंतच वाचतो.

जीपीएलची दुसरी आवृत्ती जून 1991 ची आहे. आकाराने लहान आहे, चहा निवेपर्यंत वाचून होईल. तिच्या दुसऱ्या कलमात म्हटलंय की फाइल बदललीत तर बदल केल्याची आणि केव्हा केल्याची ठळक नोंद त्या फाइलीत करा. आता तो 'प्रीमियम' फोल्डर आठवा. की तपासणारा भाग कोणी काढला, कधी काढला, आणखी काय घातलं? कुठेही एक अक्षर नाही. म्हणजे ज्या लायसन्सची ढाल करून आपण ही फाइल वापरतो, तेच लायसन्स त्या फाइलीने मोडलेलं असतं. नोंद नसलेल्या बदलात काय काय दडतं, हेही गुपित नाही. 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाचा व्हायरस अशाच फुकटच्या थीम आणि प्लगइनांतून साईटींवर पसरला. 2019 मध्ये सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी त्याचा सगळा धंदा उलगडून दाखवला होता.

त्याच लायसन्सचं अकरावं आणि बारावं कलम सांगतं की या कोडची कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही. आणि पहिलं कलम सांगतं की नक्कल पोचवण्याचे पैसे घ्यायला हरकत नाही, हमी देऊन तिचे पैसे घ्यायलाही हरकत नाही.

ही कलमं एकत्र वाचा. लायसन्सने दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्या आहेत. नक्कल सगळ्यांची. जबाबदारी कोणाचीच नाही, जोवर कोणी ती पैसे घेऊन स्वीकारत नाही तोवर. ग्रुपवरचं दुसरं उत्तर इथेच कोसळतं. ओपन सोर्सवर पैसे मागणं हा लायसन्सचा भंग नाही, ते लायसन्समध्ये लिहिलेलं आहे. रिचर्ड स्टॉलमन तर गेली कित्येक वर्षं सांगतो आहे की मुक्त सॉफ्टवेअर खुशाल विका. इंग्रजीत मोकळं आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. मराठीत दोन वेगळे शब्द असून आपण ते एक करून टाकले, याला काय म्हणायचं?

जबाबदारी विकून जगता येतं याची उदाहरणं शोधायला अमेरिकेत जायला नको. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट बनवते. हिशेब, साठा, असं सगळं सांभाळणारं हे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. कोणीही उतरवून घ्यावं आणि आपल्या सर्व्हरवर चालवावं. कंपनी पैसे घेते ते सर्व्हर सांभाळण्याचे आणि मदतीचे. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची 'ॲस्ट्रा' ही थीम दहा लाखांहून जास्त साईटींवर आहे. ती फुकट मिळते आणि जास्तीच्या सोयी हव्या असतील तर पैसे भरायचे. मराठी साईटींवर सर्रास दिसणारा 'मुक्ता' फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचा, तोही मोकळा. त्याच्या लायसन्समध्ये मात्र उलटी अट आहे. फॉन्ट वापरा, बदला, पण नुसता फॉन्ट सुटा विकू नका. म्हणजे मोकळेपणाचे प्रकार अनेक आहेत. कोणता आपल्या हातात आहे ते वाचल्याशिवाय 'ओपन सोर्स आहे रे' म्हणणं हे निव्वळ आळसाचं लक्षण आहे.

आणि खरी सत्ता कोडमध्ये नसून अपडेटमध्ये असते, याचा दाखला 2024 ने दिला. वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांचं जुंपलं. 12 ऑक्टोबरला वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतलं त्या कंपनीचं 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे प्लगइन ताब्यात घेऊन त्याचं नाव 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' करण्यात आलं. लाखो साईटी त्यावर चालत होत्या. कोड जीपीएल, त्यामुळे नक्कल करायला कोणाची ना नव्हती. पण अपडेट ज्या वाटेने येतं ती वाटच दुसऱ्याच्या हाती गेली. डिसेंबरात कोर्टाने हुकूम दिल्यावर ते प्लगइन परत मिळालं. बाजू कोणाचीही घ्या. दोघं ज्यासाठी भांडले ती गोष्ट म्हणजे उद्या सकाळी तुमच्या साईटवर काय येईल हे ठरवण्याचा अधिकार. नल्ड प्लगइन टाकून मी तोच अधिकार कुठल्यातरी निनावी माणसाच्या हाती दिला होता, तोही काकांच्या वतीने.

आमच्या खारेपाटात हे समजावून सांगायला सर्व्हर लागत नाही. अलिबाग-पेणच्या खाडीकाठची शेतं समुद्राकडून मागून घेतलेली आहेत. मातीचा बांध घातला, खारं पाणी अडवलं, तेव्हा कुठे भात उभा राहिला. पण बांध एकदा घातला की झालं, असं नसतं. खेकडे बिळं करतात, उधाण माती ओढतं. दरवर्षी चिखलात उतरून डागडुजी करावी लागते. पूर्वी गावं मिळून ती करत. 1979 मध्ये खार जमीन विकासाचा कायदा झाला, सरकारी खातं आलं. तरी दुरुस्ती राहिली की उधाणाला खांड पडायची ती पडतेच. आणि खांड पडली की पाणी फक्त आळशाच्या शेतात शिरत नाही. 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाची फट सापडली ती ओपनएसएसएलमध्ये. जगातल्या असंख्य साईटींचं कुलूप ज्याच्यावर चालतं त्या प्रकल्पाला तेव्हा देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. बांध सगळ्यांचा, डागडुजीला दोन-चार माणसं.

आता विकणाऱ्यांकडे वळू, कारण तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 संप केला. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने लोकांनी सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. भांडण खोताशी होतं. खपायचं कुळांनी, आणि वाटा न्यायचा चिखलात पाय न घालणाऱ्याने. जीपीएलचा कोड विकताना 'एकाच साईटवर वापरा, दुसऱ्याला दिलात तर कारवाई' असं लिहिणारे, वर्षाची मुदत संपली की अपडेटच नव्हे तर चालतं फीचरही बंद पाडणारे, लायसन्सचा उल्लेख दहा पानं खाली पुरून ठेवणारे, हे खोतच आहेत. वर्डप्रेसचा पाया फुकट मिळाला, त्यावर घर बांधलं, आणि पुढच्याला मात्र दार बंद. अपडेट आणि मदतीचे पैसे घ्या, भरपूर घ्या. पण गिऱ्हाइकाला लायसन्सने जे दिलंय ते तुम्ही काढून घेऊ शकत नाही.

पण खोत वाईट म्हणून कुळाने शेजाऱ्याचं शेत बुडवावं, असं कुठे ठरलं? नल्ड प्लगइनने प्लगइनवाल्या कंपनीचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते काकांचं.

मला माहीत आहे पुढचा प्रश्न काय येणार. "बारा हजारांच्या साईटला वर्षाचे सात हजार कोण देणार?" प्रश्न खरा आहे. हे दर डॉलरात ठरतात, नागावचं उत्पन्न रुपयांत येतं. पण याचं उत्तर चोरून स्वस्त करणं हे नाही, कमी करणं हे आहे. अधिकृत यादीत फुकटची आणि अपडेट मिळणारी हजारो प्लगइन आहेत. तीही नकोत तर फोन नंबर आणि व्हॉट्सॲपचं बटण पुरतं. खरं सांगायचं तर काकांचं बहुतेक बुकिंग आजही फोनवरच होतं. माणसं भरतीची वेळ विचारतात, जेवणात सुरमई मिळेल का विचारतात, मग खोली ठरवतात. चार खोल्यांना तारखांचं कॅलेंडर आणि ऑनलाइन पेमेंट लागत नव्हतं. ते मला लागत होतं, माझ्या पोर्टफोलिओत दाखवायला.

हे कबूल करायला दोन रात्रींच्या साफसफाईपेक्षा जास्त वेळ लागला.

जानेवारीत नागावला गेलो आणि काकांना सगळं सांगितलं. फोल्डर, की, न आलेली अपडेटं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते वाडीत पाणी सोडत होते. वादळानंतर लावलेल्या सुपारीकडे हात करून म्हणाले, "ही रोपं मला फुकटच मिळाली होती, बघ. शिंपणं कोणी फुकट दिलं नाही. तू सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं किंवा पैसे दिले असते. तू मला विचारलंच नाहीस."

कायद्याची सगळी कलमं वाचून झाल्यावर गुन्हा उरतो तो एवढाच. विचारलं नाही.

आता माझ्या कोटेशनमध्ये चार ओळी जास्त असतात. कोणतं प्लगइन, त्याचं लायसन्स कोणतं, अपडेट कुठून येणार, आणि वर्षाला शिंपण्याचा खर्च किती. लायसन्स गिऱ्हाइकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घेतो, माझ्या नाही. या ओळींमुळे दोन कामं हातची गेली. तिसऱ्याने विचारलं, "बाकीचे हे का लिहीत नाहीत?"

तुम्ही साईट बनवत असाल तर याचं उत्तर तुमच्याकडे आहे. तुमच्या घरच्या कोणी बनवून घेतली असेल, तर बनवणाऱ्याला आजच एक मेसेज टाका. आमच्या साईटवर कोणकोणती प्लगइन आहेत आणि शेवटचं अपडेट कधी आलं? उत्तर यायला वेळ लागला, तर तेही एक उत्तरच समजा.