दिसते तसे नसते

मुंबईच्या उपनगरी गाडीत दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात एखादा धडधाकट दिसणारा तरुण बसलेला आढळला की सहप्रवाशांच्या कपाळाला आठ्या पडतात. प्रथम कुजबूज होते, मग ‘तुला काय धाड भरली आहे?’ असा सवाल येतो आणि प्रसंगी त्या तरुणास पुढील स्थानकावर निमूटपणे उतरून जावे लागते. त्याच्या खिशात रीतसर प्रमाणपत्र असते. परंतु ते बाहेर निघण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. हा निकाल देण्याचा अधिकार या स्वयंनियुक्त न्यायाधीशांना कोणी दिला, असे आम्ही विचारू इच्छितो.

१९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने ती संख्या २१ वर नेली आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, अध्ययन अक्षमता यांचाही त्यांत समावेश केला. यांपैकी कोणतेही दुखणे कुबडी घेऊन चालत नाही. हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त लवकर गोठत नाही. गर्दीतला एखादा धक्काही त्याच्या सांध्यात रक्तस्राव घडवू शकतो. सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात व असह्य वेदना होतात. कळ ओसरली की तोच मनुष्य चारचौघांसारखा दिसतो. याच डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही मुभा आहे. त्यांचाही रोग मुद्रेवर लिहिलेला नसतो. कायद्याने जे ओळखले, ते समाजाच्या दृष्टीने अद्याप ओळखलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, खोटी प्रमाणपत्रे मिरवणारे तोतयेही असतात. असतात, हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांना हुडकण्याचे काम तिकीट तपासनिसाचे व रेल्वे पोलिसांचे आहे. शिवाय या जनता-न्यायालयाचा अनुभव काय सांगतो? तोतया निगरगट्ट असतो. त्याच्यापाशी उत्तर तयार असते. जो खरोखरीच पीडित आहे, तोच संकोचाने उठून उभा राहतो. म्हणजे चोर सुटतो आणि दंड सावाला होतो!

शाळांतूनही हेच घडते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलास परीक्षेत थोडा अधिक वेळ मिळाला की इतर पालकांना तो पक्षपात वाटतो. आणि मुलाच्या नावावर मात्र ‘आळशी’ हा शिक्का बसतो. अक्षरे ज्याच्या डोळ्यांपुढे नीट लागत नाहीत, त्याला दिलेला अर्धा तास ही मेहेरबानी नव्हे. ती केवळ बरोबरी होय.

रेल्वेने या डब्यांत ‘प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही’ अशी पाटी ठळक अक्षरांत लावावी आणि तपासणी नियमितपणे करावी, अशी आमची मागणी आहे. परंतु पाटीने सारे भागणार नाही. आपल्या व्याधीची कहाणी अनोळखी माणसांपुढे रोज उलगडावी लागणे, ही व्याधीहून मोठी विटंबना आहे. ती टाळण्यासाठी सुशिक्षित नागरिकांना पदरचे काहीच खर्चावयाचे नाही. ओठांवर आलेला एक प्रश्न गिळावयाचा आहे. एवढा संयमही आम्हांला साधणार नसेल, तर आपल्या सुशिक्षितपणाचा अर्थ तरी काय?