वीस जन्मांवरून गावाची परीक्षा नको

एखाद्या गावात वर्षभरात २० बाळं जन्मली. १४ मुलगे, ६ मुली. अहवालात 'हजार मुलग्यांमागे ४२९ मुली' असा आकडा येतो आणि आशाताईंपासून सोनोग्राफी केंद्रापर्यंत सगळ्यांना जाब विचारला जातो. पुढच्या वर्षी आकडे उलटे आले, की त्याच गावाचा सत्कार! दोन्ही वेळा संख्याशास्त्राचा पहिला धडा विसरला जातो.

निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे मुलगी होण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के. प्रत्येक जन्म ही स्वतंत्र घटना असते. आधीच्या जन्मांचा हिशेब निसर्ग ठेवत नाही. त्यामुळे तीन मुलींनंतर 'आता मुलगाच' असं सांगणारे चुकतात. चौथ्या वेळीही शक्यता तेवढीच असते. आणि 'हिला मुलीच होतात' म्हणून सुनेला बोल लावणारे तर दुप्पट चुकतात, कारण बाळाचं लिंग पित्याच्या शुक्रजंतूवर ठरतं.

आता समजा, लिंगनिदान अजिबात होत नाही आणि वर्षाला २० जन्म होतात, अशी शंभर गावं घेतली. प्रत्येक गावात दहा-दहा मुली मिळतील का? नाही. साधारण ९५ गावांत मुलींची संख्या ६ ते १४ यांच्या दरम्यान कुठेही असेल. नमुन्यागणिक आकडा असा पसरतो, त्या पसाऱ्याला नमुना-वितरण म्हणतात. आपल्या गावातल्या ६ मुली याच पसाऱ्यात बसतात.

नमुना मोठा झाला, की हा पसारा आक्रसतो. पण वर्गमुळाच्या हिशेबाने. जन्म चौपट झाले तर टक्केवारीतला चढउतार निम्मा होतो. २०,००० जन्मांच्या जिल्ह्यात केवळ योगायोगाने हे प्रमाण बहुतेक वेळा ९२५ ते ९८० यांच्या बाहेर जात नाही. तिथे ८९० आकडा आला, तर नशिबाकडे बोट दाखवता येणार नाही.

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. सव्वा कोटीहून अधिक मुलांच्या मोजणीत एवढी तूट योगायोगाने येत नाही. १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा कठोरपणे राबवायला हवा, तो यासाठीच.

म्हणून प्रशासनाने एका वर्षाच्या आकड्यावर गावांना नोटिसा देऊ नयेत आणि बक्षिसंही देऊ नयेत. गावाचे पाच वर्षांचे जन्म एकत्र मोजावेत, तालुका-जिल्ह्याचे आकडे दरवर्षी तपासावेत. आणि प्रत्येक प्रमाणाशेजारी एकूण जन्म किती, हे छापावं. लहान आकड्यावर आरडाओरडा आणि मोठ्या आकड्यावर मौन, हा उलटा न्याय आता थांबायला हवा.