दुसऱ्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड

‘दहा-बारा हजार कशाला घालवायचे? आपणच हलवू की!’ हे वाक्य मराठी घरात बहुधा पुरुष बोलतो, आणि बोलून झालं की चहा मागतो.

मी पुण्यात भाड्याच्या घरांत अर्धं आयुष्य काढलंय. अकरा महिन्यांचा करार, वर दहा टक्के वाढ, वाढ नको असेल तर ‘आमचा मुलगा अमेरिकेहून परत येतोय’ हे ठरलेलं कारण. मुलगा काही येत नाही, पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू येतो. तेव्हा बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आणि दर खेपेला घरात जो वाद होतो, माणसं लावायची की स्वतः हलवायचं, त्यात ‘स्वतः’वाल्यांचा जो काटकसरीचा तोरा असतो, त्याचा मला मनापासून तिटकारा आहे.

कारण त्यांचा हिशेबच खोटा असतो. टेम्पोचं भाडं आणि मिसळीचं बिल एवढंच ते धरतात. स्वयंपाकघर कोणी बांधलं? रात्री जेवणं आटोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावर, किराणावाल्याकडून आणलेल्या खोक्यांत एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळत कोण बसलं? लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा, तेलाचा डबा उभाच राहील असा कोपरा शोधायचा, मिक्सरची भांडी आणि त्यांची झाकणं एकाच खोक्यात जातील हे पाहायचं, कुकरची शिट्टी पर्समध्ये टाकायची. देव सगळ्यांत शेवटी उचलायचे आणि तिकडे सगळ्यांत आधी मांडायचे. त्या घरात दूध उतू घालवायचं पातेलं वरच राहील हे लक्षात ठेवायचं. हे सगळं ज्या बाईने केलं तिच्या रात्री हिशेबाच्या वहीत शून्य रुपयांना जमा. आणि यजमान कशावर घाम गाळतात? खोक्यांवर मार्करने ‘किचन’ लिहिण्यावर. चौदाच्या चौदा खोक्यांवर नुसतं ‘किचन’. मग नव्या घरात पहिल्या चहाचं गाळणं शोधा!

शून्य रुपयांत आणखीही माणसं येतात. रविवारी सकाळी भाचा येतो, भाच्याचा मित्र येतो, ऑफिसातला एक भिडस्त सहकारी येतो. नाही म्हणता येत नाही म्हणून येतो. उचलायची सवय कोणालाच नाही. सगळे कंबरेतून वाकतात, फ्रिज छातीशी कवटाळतात आणि जिन्यात ‘थांब, थांब, बोट!’ असं ओरडतात. सोमवारी तो सहकारी ऑफिसला येत नाही. पाठीला पट्टा लावून घरी पडलेला असतो. त्याची औषधं, त्याची रजा, त्याचे मालिश करणाऱ्याचे पैसे, यातलं काही तुमच्या बचतीतून वजा झालं का? मिसळ खाऊ घातली की फिटलं.

वस्तूंचंही तेच. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशिनचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. प्रवासात तो आपटू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून आवळायचे असतात. हे बोल्ट नव्या मशिनबरोबर येतात, बसवायला आलेला मुलगा ते काढून हातात देतो आणि ‘जपून ठेवा’ म्हणतो. महाराष्ट्रात ते बोल्ट जपून ठेवलेलं एकही घर मी पाहिलेलं नाही. एसीचंही असंच. काढण्याआधी त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून बंद करावा लागतो, तो न करता नळ्या सोडवल्या की सगळा हवेत. मग नव्या घरी मेकॅनिक गंभीर चेहऱ्याने ‘गॅस गेलाय’ सांगतो आणि वाचवलेल्या पैशांतले काही हजार तिथेच घेऊन जातो.

म्हणजे माणसं लावणारे शहाणे, असं मी म्हणतेय का? छे. त्यांची गंमत तर आणखी न्यारी.

इंटरनेटवर कुठेतरी आपला नंबर टाकायचा अवकाश, अर्ध्या तासात सहा जणांचे फोन. सगळ्यांच्या कंपन्यांची नावं जवळजवळ एकच, कारण या धंद्यात गाजलेल्या नावाला पुढेमागे एक शब्द चिकटवून नवी कंपनी निघते. फोनवरचा मुलगा फार गोड बोलतो. मोबाइलवर घर दाखवा म्हणतो, एक चक्कर मारून सामान बघतो, भाव सांगतो, आगाऊ रक्कम मागतो. ठरलेल्या दिवशी येतात ती भलतीच पोरं. त्यांना ना भाव माहीत, ना तो गोड मुलगा. सामान टेम्पोत चढतं. मागची फळी लागते. आणि मग फोन येतो: ‘मॅडम, सामान जास्त निघालं.’ आमच्या बाबतीत असाच आला होता. घर रिकामं, किल्ली मालकाला दिलेली, संसार टेम्पोत आणि टेम्पो त्यांच्या ताब्यात. अशा वेळी घासाघीस कोण करणार? रस्त्यावर उभं राहून मागतील ते दिलं.

त्यांच्या बिलाचं वाचन ही करमणूक आहे. जीएसटी लावलेला, पण जीएसटीचा नंबर नाही. बाहेरगावी जायचं असेल तर ‘ई-वे बिल नव्हतं, नाक्यावर दंड भरला’ असे वरून मागितलेले पैसे. वास्तविक वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, तशी नियमांतच सूट आहे. तीन टक्के ‘विमा’, पण कुठल्या विमा कंपनीचा कागद मागितला की समोरचा एकदम गाडी चालवायला लागतो, आवाज येईनासा होतो. आणि पावतीच्या तळाला बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जबाबदारीवर’.

या बारीक अक्षरांच्या वर देशाचा एक कायदा आहे, तो कोणी वाचत नाही म्हणून सांगते. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ साली नवा कायदा झाला, १८६५ सालचा जुना रद्द करून. २०११च्या नियमांत लिहिलंय की वस्तू हरवली वा मोडली तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत. सामानाची जास्त किंमत आधी लेखी जाहीर करून जादा आकार भरला असेल तर गोष्ट वेगळी. दावा लावायचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नुसता फोन केला, रडलो, शिव्या दिल्या, हे चालत नाही. आणि हा धंदा करणाऱ्याने वाहतूकदार म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. आपण ज्याला पैसे दिले तो बहुतेकदा एक मोबाइल आणि एक बॅनर असलेला दलाल. टेम्पो दुसऱ्याचा, पोरं तिसऱ्याची.

पण गिऱ्हाइकांनीही फार साळसूदपणा करू नये. बदली झालेल्या सरकारी आणि बँकेतल्या नोकरदारांना सामान हलवण्याचा खर्च मिळतो, त्याला पावती लागते. तेव्हा या धंद्याला एक जोडधंदा आहे: सामान न हलवता नुसती पावती विकायची. बिल, बिल्टी, ट्रकचा नंबर, किलोमीटर, सगळं तयार मिळतं, राजरोस जाहिरात करून. साहेबांचा सोफा भाच्याने छोट्या हत्तीतून फुकट नेलेला असतो आणि कागदावर तो चौदा फुटी आयशरमधून मान्यताप्राप्त कंपनीबरोबर प्रवास करतो. हेच साहेब पुढे ‘या पॅकर्सवाल्यांवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही’ असं म्हणतात.

या सगळ्या बाजारात प्रामाणिक माल एकच असतो, ओझं उचलणाऱ्या माणसाची पाठ. आणि झाडून सगळे भाव पाडतात तो तिचाच.

आमच्या जुन्या इमारतीत शेजाऱ्यांचं गोदरेजचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली नेताना मी पाहिलंय. लिफ्ट नव्हतीच. आधी फळ्या काढल्या, दार बंद करून हँडलला सुतळी बांधली. एकाने गोणपाटाची जाड घडी पाठीवर घेतली, दोन पायऱ्या खाली उतरून गुडघ्यांत वाकला, आणि वरच्या दोघांनी कपाट त्याच्या पाठीवर तिरकं टेकवलं. तळाखालून घेतलेल्या पट्ट्याची टोकं खांद्यांवरून पुढे ओढून त्याने मुठीत घट्ट धरली. पाय आडवे टाकत तो उतरत होता. जिन्याच्या वळणावर कपाट खाली ठेवायलाही जागा नव्हती, तेव्हा ते तसंच पाठीवर घेऊन तो इंचाइंचाने फिरला, कपाटाचा वरचा कोपरा छतापासून बोटभर अंतरावर. वरचा माणूस एवढंच बोलत होता, ‘सोड… सोड… धर.’ भिंतीला एक ओरखडा उठला नाही. हे चालू असताना दारातून शेजारी ओरडत होते, ‘अरे, सांभाळून! रंग जाईल!’

१९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की प्रौढ पुरुषाने अंगावर वाहायचं ओझं ५५ किलोंच्या पुढे असू नये. त्या दिवशी ते कपाट वजनकाट्यावर चढवायला हवं होतं, आणि त्यापाठोपाठ शेजाऱ्यांना. काम संपल्यावर ठरलेल्या मजुरीतून दोनशे रुपये कापायची त्यांची खटपट चालली होती, कारण ‘तासाभरातच तर झालं’. चाळीस मिनिटांत शस्त्रक्रिया आटोपणाऱ्या सर्जनशी असं बोलाल का?

ही हुज्जत पुण्यात होते म्हणून मला जास्त चीड येते. याच शहरात १९५५ साली बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी बाजारपेठांतल्या माथाड्यांना एकत्र आणलं, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे. एवढं मोठं काम झालेल्या राज्यात आपल्या घराचं कपाट उतरवणारा पोरगा मात्र कुठल्याच मंडळाच्या वहीत नसतो. त्याला दलाल रोजावर आणतो, पाय मुरगळला की दुसऱ्या दिवशी दुसरा आणतो.

उलट माथाडीचं नाव कोण वापरतं? नव्या टोलेजंग गृहसंकुलांच्या गेटवर टेम्पो अडवणारी, मनगटात जाड कडी घातलेली स्थानिक पोरं. ‘उतरवायचं काम आमचं, नाहीतर पैसे द्या.’ उतरवायला ती हात लावत नाहीत, बाकड्यावर बसून मोबाइल बघतात. ही सरळसरळ खंडणी आहे, आणि हमालांच्या चळवळीच्या नावावर उकळलेली. अशी मागणी झाली तर पोलिसांना फोन करावा. पण मौज बघा: गेटवर हात न लावणाऱ्याला आपण मुकाट्याने हजारांत पैसे देतो, आणि वर सामान चढवणाऱ्याशी दोनशेसाठी भांडतो. पहिल्याचे दंड दिसतात, दुसऱ्याची फक्त पाठ.

कोणी म्हणेल, सगळ्यांना परवडतं का? नाही परवडत. खोलीवर राहणारा विद्यार्थी एक गादी, एक बादली आणि पुस्तकांची गोणी रिक्षात घालून जातो. धुणीभांडी करणारी बाई हातगाडीवर संसार लोटत नेते. त्यांनी स्वतः हलवावं, त्यांच्यापाशी दुसरा मार्ग नाही, आणि ती माणसं त्याचा डांगोराही पिटत नाहीत. माझं भांडण दोन एसी, डबलबेड आणि पंचावन्न इंची टीव्ही असलेल्या घराशी आहे, ज्याला हमाली तेवढी महाग वाटते.

त्यांनी माणसं लावावीत. दलाल टाळून थेट लावावीत. प्रत्येक बाजाराजवळ, प्रत्येक टेम्पो स्टँडवर अशी माणसं भेटतात, आणि टेम्पोवाला स्वतःच ओळखीची पोरं आणतो. घर आधी डोळ्यांनी दाखवावं, मजले किती, लिफ्ट आहे का, जड वस्तू कोणत्या, हे सांगून मजुरी ठरवावी आणि कागदावर लिहावी. कपाट आणि फ्रिजचे वेगळे पैसे धरावेत. कागदपत्रं, दागिने, औषधं आणि कुकरची शिट्टी आपल्याजवळ ठेवावी. डबे बांधायला यजमानांनी बसावं, त्यांना तेवढंच जमण्यासारखं आहे, तेही शिकवलं तर. बाहेरगावी जायचं असेल आणि कंपनीशिवाय गत्यंतर नसेल, तर नोंदणी क्रमांक पाहून, सामानाची किंमत लेखी देऊन, विम्याचा खरा कागद हातात आल्यावरच आगाऊ रक्कम द्यावी. आणि सामान उतरल्यावर पोरांना त्याच ग्लासातून पाणी द्यावं ज्यातून आपण पितो. हे २०२५ उलटून गेल्यावर लिहावं लागतंय, याला माझा इलाज नाही.

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहोत, म्हणजे मी सोसायटीच्या सभेला जायला मोकळी. आमच्याकडे घर बदलणाऱ्याकडून ‘शिफ्टिंग चार्जेस’ घेतात, काही हजारांत. ते भरताना कोणी कुरकुरत नाही. शिवाय फलक आहे: सामान रविवारी हलवायचं नाही, आणि कामगारांनी लिफ्ट वापरायची नाही, सामानासाठीही नाही. मी सभेत विचारलं, लिफ्ट द्यायची नाही तर हे पैसे कशाचे, आणि मग ते पाच मजले चढणाऱ्या पोरांनाच का देत नाही? सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘जिन्याच्या टाइल्स झिजतात ना.’