‘मला तो हल्लेखोर वाटला’ : गोळी झाडणाऱ्या पोलिसाचा हा बचाव कोर्टात कधी टिकतो?

६ सप्टेंबर २०१८ ची रात्र. अमेरिकेतल्या डॅलस शहरात ॲम्बर गायगर ही पोलीस अधिकारी ड्युटी संपवून घरी परतली. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पण ती पोहोचली चौथ्या मजल्यावर. आत अंधारात माणूस दिसला. आपल्या घरात चोर शिरला, असं समजून तिने दोन गोळ्या झाडल्या. मेलेला माणूस होता त्या घरातच राहणारा २६ वर्षांचा बोथम जीन. तो सोफ्यावर बसून आइस्क्रीम खात होता.

खटल्यात तिच्या वकिलांनी दोन बचाव एकमेकांत गुंफले. घर आपलंच वाटलं, ही वस्तुस्थितीबद्दलची चूक. आणि जिवाला धोका वाटला म्हणून गोळी झाडली, हे स्वसंरक्षण. ज्युरीने दोन्ही फेटाळले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी ती खुनाची दोषी ठरली आणि १० वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये अपील कोर्टानेही निकाल कायम ठेवला. समोरच्याला ठार मारायचंच होतं, हे तिने साक्षीत मान्य केलं होतं. घर ओळखण्यात चूक झाली म्हणून तो हेतू पुसला जात नाही, असं अपील कोर्टाचं म्हणणं होतं.

हाच खटला सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात चालला असता तर?

आपला कायदा चुकीला माफी देतो का?

देतो, पण अट घालून. भारतीय न्याय संहितेचं कलम १७ (जुन्या दंड संहितेतलं ७९) सांगतं की, वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीमुळे एखाद्याला आपलं कृत्य कायदेशीर आहे असं सद्भावनेने वाटलं, तर तो गुन्हा नाही. कायदा माहीत नव्हता, ही सबब मात्र चालत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण १९५२ मधलं, नागपूर उच्च न्यायालयातलं. चिरंगी नावाच्या माणसाने स्वतःच्या मुलाला वाघ समजून कुऱ्हाडीने मारलं. आजारपणामुळे त्याला त्या क्षणी भास झाला होता. मुलगा त्याचा लाडका, वैर कसलंच नाही. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. कराड-पाटणच्या किंवा शिराळ्याच्या उसात रात्री पाण्याची पाळी धरणाऱ्याला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. पाचट हललं की आधी बिबट्याच आठवतो.

पण सगळी मेख ‘सद्भावना’ या शब्दात आहे. बोलण्यात आपण ‘मन साफ होतं’ अशा अर्थाने तो वापरतो. फौजदारी कायद्यात तेवढं पुरत नाही. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं कायदा मानतच नाही. म्हणजे कोर्ट फक्त ‘तुला काय वाटलं?’ एवढं विचारत नाही, ‘तसं वाटण्याआधी तू काय पाहिलंस?’ हेही विचारतं. जीनच्या दाराबाहेर लालभडक पायपुसणं होतं, गायगरच्या दाराबाहेर तसं नव्हतं. आपल्याकडचं कलम तिच्यासाठी टेक्सासपेक्षा थोडं उदार ठरलं असतं, पण त्या पायपुसण्यावर बचाव अडखळलाच असता. तापाने फणफणलेला माणूस आणि शस्त्राचं प्रशिक्षण घेतलेला पोलीस यांच्याकडून एकाच काळजीची अपेक्षा करता येत नाही, करूही नये.

दिल्लीत ३१ मार्च १९९७ रोजी हेच घडलं. कॅनॉट प्लेसला पोलिसांनी एका गुंडाची गाडी समजून कारवर गोळीबार केला. मेले दोन व्यावसायिक, तिसरा जखमी. गाडीतून आधी गोळी आली, असा पोलिसांचा दावा होता. तो खोटा ठरला. गाडीत सापडलेलं पिस्तूल नंतर ठेवलेलं होतं, असा निष्कर्ष निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०११ रोजी सहायक आयुक्तासह दहा पोलिसांची जन्मठेप कायम केली. चुकीवर पांघरूण घालायला खोटं रचलं, की सद्भावनेचा मुद्दा तिथेच संपतो.

आणि स्वसंरक्षण?

तो हक्क पोलिसालाही आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर जीव घेण्यापर्यंत तो जातो. हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जाऊ शकतो. मात्र अपवाद आपल्याला लागू होतो, हे आरोपीनेच दाखवायचं असतं. संशयापलीकडे नव्हे, पण शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकेल इतकं तरी.

महाराष्ट्रात ‘चुकून दुसराच मेला’ असं कुणी सहसा म्हणत नाही. आपल्याकडचं नेहमीचं वाक्य ‘त्याने आधी गोळी झाडली’ हे आहे. बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हाही तेच सांगितलं गेलं. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळेचा कोठडीत मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत जाळल्याचा आरोप पोलिसांवर झाला. तेव्हा आधी ‘तो पळून गेला’ असं सांगण्यात आलं होतं. गोळीचा प्रश्नच नव्हता, पण पहिली गोष्ट पोलिसांच्या तोंडूनच आली.

ती गोष्ट तपासायची कशी? लखनभैया प्रकरणात एका तारेने ते काम केलं. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाला वाशीतून उचललं आणि रात्री वर्सोव्यात चकमक झाल्याचं जाहीर झालं. पण वकील असलेल्या त्याच्या भावाने चकमकीच्या आधीच अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. भावाला पोलिसांनी नेलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. माणूस आधीपासून ताब्यात असेल, तर तो अचानक समोर येऊन गोळीबार करतो कसा? जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. प्रदीप शर्मा तेव्हा सुटले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांनाही जन्मठेप दिली, त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

सत्र न्यायालयाचा तो निकाल आला, त्याच महिन्यात देशातली तारसेवा बंद झाली. घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं, तर आता तारेचं काम ईमेलला करावं लागेल. पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि मानवाधिकार आयोग यांना तो लगेच जायला हवा, कारण त्यावरची वेळ कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसते.