मुरूम ही किरकोळ बाब नव्हे

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात असा संकेत आहे आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे आठवणींचा तुटवडा नाही. तरीही या वेळी आम्ही अशा विषयावर लिहीत आहोत, ज्यावर लिहिण्यासारखे काय आहे, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. विषय आहे वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावरील मुरमांचा.

आम्ही नववीत असताना वर्गात एक मुलगा होता. त्याचे कपाळ आणि गाल मुरमांनी भरलेले असत. आम्ही त्याला ‘मुरमाड’ म्हणत असू. शेतजमिनीवरून सुचलेली ही कोटी आम्हाला फार आवडली होती. परिपाठाला तो मागच्या रांगेत उभा राही. वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात त्याने मान खाली घातलेली आहे. ते छायाचित्र आज हाती घेताना आमची आम्हालाच शरम वाटते. गृहपाल सर मायाळू होते, पण “साबणाने घासून धू, जाईल” यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हते. तो बिचारा दिवसातून चार-पाच वेळा कपड्यांच्या साबणाने तोंड घासत असे. चेहरा लाल होई आणि मुरूम वाढत.

घासल्याने मुरूम वाढतात, हे आम्हाला आमची मुले त्या वयाची झाल्यावर कळले. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल तयार करतात. ते तेल आणि मृत पेशी मिळून केसाच्या मुळाचे छिद्र बुजते. आत जंतू वाढून सूज आली की मुरूम दिसतो. छिद्राचे तोंड उघडे राहिले, तर आत साचलेले द्रव्य हवेच्या संपर्काने काळे पडते आणि त्वचेतील रंगद्रव्यही त्यात असते. हाच ब्लॅकहेड. त्याचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे आणि तो घासून निघत नाही. हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, मुरमे असलेल्या मुलावर पहिला ठपका येतो तो ‘अस्वच्छ’ असल्याचा. या शब्दाचा इतिहास आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. निदान आपल्या शाळेत तरी तो मुलाच्या तोंडावर फेकला जाऊ नये.

विनयपिटकाच्या महावग्गात आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची हकीकत आहे. त्वचारोगातून झिरपणाऱ्या स्रावाने त्यांचे चीवर अंगाला चिकटे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवीत. भगवान बुद्धांनी हे पाहिले, आजार कोणता ते विचारले आणि अशा रुग्णांसाठी औषधी चूर्णाची अनुज्ञा दिली. आधी विचारपूस, मग औषध.

आज औषधाची वाण नाही, उलट त्याचीच भीती वाटते. आमच्यापैकी एकीची मुलगी दहावीत आहे. तिची त्वचा मुळातच नाजूक. साधा साबण लावला तरी चुरचुरते. दिवाळीच्या सुट्टीत मावशीने हौसेने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत चेहरा तुकतुकीत झाला, रंगही उजळला. सारे घर खूश. तीन महिन्यांनी मात्र गाल लालबुंद, ऊन सोसवेना, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट मुरूम. ट्यूब बंद केली की आग भडके, म्हणून ती पुन्हा लावली जाई. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताच सांगितले, हे स्टिरॉइडचे मलम आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची प्रिस्क्रिप्शनशिवाय विक्री करण्यास मनाई केली, तरी ती सहज हाती येतात. गोरे दिसण्याची हौस आपल्यात नाही असे आपण भाषणात म्हणतो. घराघरांतील कपाटे उघडली तर वेगळे दिसेल. पुढे कित्येक महिने त्या मुलीचा चेहरा पूर्ववत करण्यातच गेले.

तिला लागू पडले ते उपचार अगदी साधे होते. सकाळ-संध्याकाळ सौम्य, सुगंधविरहित फेसवॉश, त्यावर छिद्रे न बुजवणारे हलके मॉइश्चरायझर, कारण तेलकट त्वचाही कोरडी पडून चुरचुरते, दिवसा सनस्क्रीन. त्वचा शांत झाल्यावर डॉक्टरांनी अडापलिन जेल दिले. साऱ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे, तेही सुरुवातीला एक रात्र सोडून. सुजलेल्या मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, तेही अडीच टक्क्यांचेच. (याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, पालकांनी मुलांवर रागावू नये.) कोणतीही नवी गोष्ट आधी तीन-चार दिवस कानामागे लावून पाहायची. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते आणि मुले धीर सोडतात. खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे आधीच सांगितलेले बरे. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब यांनी नाजूक त्वचा पोळते. फोडलेल्या मुरमाचा काळा डाग आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर महिनोन् महिने राहतो. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर वाट पाहू नये. त्यांचे खड्डे जन्मभर राहतात.

वसतिगृहात आणखी एक गोष्ट पाहावी. रविवारी डोक्याला चपचपीत खोबरेल लावून मुली त्याच उशीवर झोपतात, तेल कपाळावर ओघळते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या उठतात. तेल लावू नये असे आम्ही म्हणत नाही. ते न्हाण्याआधी तासभर लावावे, आणि अभ्रा दर आठवड्याला बदलावा. अभ्रे बदलायला दोन जोड लागतात, हेही आम्ही जाणतो. पालकांनी भेटीच्या दिवशी खाऊबरोबर एक अभ्रा आणावा, ट्यूब आणू नये. मुलाकडे ट्यूब सापडली तर गृहपालांनी ती जप्त करून गप्प बसू नये. किती दिवस लावली ते विचारून डॉक्टरांना दाखवावी, कारण स्टिरॉइड एकाएकी बंद केल्यानेही चेहरा पेटतो.

आपल्या शाळेत दरवर्षी दातांची आणि डोळ्यांची तपासणी होते. त्वचारोगतज्ज्ञांना मात्र आजवर कधी बोलावलेले आम्हाला आठवत नाही. सहामाहीच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी आठवी ते दहावीची मुले तपासावीत, मुलींना एकांतात बोलता यावे, आणि दिलेली औषधे आजारी खोलीत नाव लिहून ठेवावीत, असे आम्ही सुचवतो. आमच्या वर्गाच्या मेळाव्यात हा विषय निघाला, तेव्हा त्या छायाचित्रातल्या मित्राने सर्वांत आधी पाकीट काढले. पहिल्या दोन भेटींचा खर्च आमची तुकडी करील. तारीख शाळेने कळवावी.