अंजदीवचा धडा

१७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आदिलाबादकरांना सांगावी लागत नाही. पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली तो दिवस. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याला अशाच दिवसासाठी आणखी तेरा वर्षे थांबावे लागले. गोवा मुक्तीच्या मोहिमेतले एक पान सहसा उलटले जात नाही. ते कारवारसमोरच्या अंजदीव बेटाचे आहे.

नोव्हेंबर १९६१मध्ये या बेटावरून ‘साबरमती’ जहाजावर गोळीबार झाला. १८ डिसेंबरला ‘आयएनएस त्रिशूल’वरून नौसैनिकांची तुकडी बेटावर उतरू लागली. नौदलाच्या नोंदींनुसार किनाऱ्यावर पांढरे निशाण दिसत होते. पहिली फळी उतरली. दुसरीवर मशिनगन कडाडली. सात नौसैनिक धारातीर्थी पडले. ‘त्रिशूल’च्या तोफांनी मग काम फत्ते केले.

मोहिमेचा बेत कितीही गुप्त ठेवला, तरी शत्रूच्या खुणेवर ठेवलेला भरवसा घात करू शकतो. आज ते निशाण मोबाइलच्या पडद्यावर फडकते. डिसेंबर २०१९मध्ये माहिती फोडल्याच्या संशयावरून सात नौसैनिकांना अटक झाली. शत्रूच्या हस्तकांनी त्यांच्याशी फेसबुकवरून ओळख वाढवल्याचा आरोप होता. त्यानंतर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व फेसबुक बंद केले.

सावधगिरीचा हा नियम फक्त गणवेशातल्यांसाठी नाही. ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी सैन्यात आहे, त्यांनी त्या मुलाच्या किंवा मुलीच्या बदलीचे ठिकाण, जहाजाचे नाव, रजेच्या तारखा समाजमाध्यमांवर टाकू नयेत. अभिमान जरूर मिरवा, ठावठिकाणा नको.